दोन दारांची गाडी आणि डबल बेल

घाटकोपरच्या पंतनगरात राहणाऱ्या संघमित्रा इंगळेने एका रविवारी सकाळी चहात टोस्ट बुडवता बुडवता ठरवलं, की आपली पहिली गाडी दोन दारांची असेल. बाकी काही ठरवलं नाही. रंग नाही, कंपनी नाही, मायलेज नाही. दारं दोन.

"आणि मागच्यांनी काय खिडकीतून चढायचं?" आई म्हणाली. आई म्हणजे शकु.

"स्पोर्ट्स कारला मागचे नसतात गं."

"मग मी कुठे बसू?"

"पुढे. माझ्या शेजारी."

"आणि बाबा?"

टोस्ट चहात तुटून पडला. मित्राने (घरात एवढं लांबलचक नाव कोण घेणार) या प्रश्नाचा विचार केला नव्हता.

मुलगी मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. पैसे तिचे स्वतःचे, चेंबूरच्या एका क्लासमध्ये अकरावीच्या पोरांना फिजिक्स शिकवून जमवलेले. पैसे तिचे होते म्हणूनच मत घरातल्या सगळ्यांचं होतं. (तेच पैसे मुलाचे असते तर घर पेढे वाटून गप्प बसलं असतं. पण ते असो.) आणि पैसे स्पोर्ट्स कारचे नव्हते, सेकंडहँड स्पोर्ट्स कारचेही जेमतेमच होते. थर्डहँड म्हणा हवं तर.

पण मित्राचं ठरलं होतं आणि त्याला कारण होतं. तिचा बाप भाऊराव उभा जन्म मुंबईत सरकारी बस चालवून नुकताच रिटायर झाला होता. शाळेला सुट्टी असली की मित्रा बापाच्या मागच्या सीटवर. तिथे बसून ज्याने बालपण काढलं त्याने जगातली प्रत्येक गाडी आपल्याला मागे टाकून जाताना पाहिलेली असते. मोटारी गेल्या, स्कूटरी गेल्या, एकदा तर लग्नातली घोडी पुढे गेली. एकदा, एकदाच, आपण कुणाला तरी मागे टाकायचं, एवढं एकच मागणं त्या पोरीचं.

भाऊरावांनी अट घातली. सोसायटीतली पार्किंगची जागा त्यांच्या नावावर, आणि तिथे त्यांची स्कूटर ताडपत्री पांघरून झोपलेली.

"गाडी मी चालवून बघणार. मी हो म्हटलं तर स्कूटर हलेल. नाही म्हटलं तर तुझी गाडी कॉलेजच्या झाडाखाली राहील, आणि तीही तुझ्या प्रिन्सिपॉलने परवानगी दिली तर."

"बाबा, तुम्ही बस चालवलीत. ही स्पोर्ट्स कार आहे."

"चाकं गोलच असतात ना?"

यावर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षातही उत्तर शिकवत नाहीत.

मग शोध सुरू झाला. अंधेरीला एकाने चकचकीत निळी गाडी दाखवली. "डॉक्टरची गाडी आहे, फक्त दवाखान्यात जायची." मित्राने ड्रायव्हरचा सीटबेल्ट शेवटापर्यंत ओढून काढला. पट्ट्याच्या खालच्या टोकाला चिखलाची सुकी रेघ. "दवाखाना काय मिठी नदीत होता?" तिने विचारलं. मुलुंडला दुसऱ्याची गाडी म्हणजे साधी घरगुती गाडी, तिच्या शेपटावर फळी ठोकलेली, बाजूला आगीचे स्टिकर, आणि सायलेन्सर असा की वॉचमनने कानात बोटं घातली. "स्पोर्टी आहे," तो म्हणाला. दारं चार. मित्राने बॉनेटसुद्धा उघडलं नाही.

तिसरी बोरिवलीची. लाल, बसकी, दोन दारांची, भक्ष्यावर झेप घ्यायला पोट जमिनीला टेकलेल्या मांजरीसारखी. मालक नंदकुमार करंदीकर, विमा कंपनीतून निवृत्त, डोक्याला तुळतुळीत टक्कल. त्यांना ती गाडी विकायची नव्हती. त्यांच्या बायकोला, सुहासिनीबाईंना, विकायची होती. बाईंचे गुडघे गेलेले. गाडीत बसता येत होतं, पण उठवायला दर वेळी दोन शेजारी बोलवावे लागत. आणि नंदकुमारही ती फारशी चालवत नसत. संध्याकाळी खाली जाऊन पार्किंगमध्येच आत बसत आणि गाणी ऐकत.

"संध्याकाळी वांद्र्याचा एकजण बघायला येणार आहे," नंदकुमार म्हणाले, "तो घेईल बहुतेक." (हे त्यांनी, देवाला साकडं घालावं तसं, कुणीच घेऊ नये अशा सुरात सांगितलं.)

मित्राने गाडीभोवती एकच चक्कर मारली. हीच. पण भाऊराव आले होते, आणि ते एकटे आले नव्हते. सोबत धाकू होता. धाकू म्हणजे त्यांच्या बसचा कंडक्टर. दोघांनी याच बोरिवलीत, स्टेशन ते गोराई खाडी, एकाच बसवर इतकी वर्षं काढली होती की एकाला ठसका लागला तर दुसरा पाणी पीत असे.

"धाकूकाका कशाला?" मित्राने हळूच विचारलं.

"गाडीला दोन माणसं लागतात," भाऊराव म्हणाले.

नंदकुमार पुढे बसले. मागची सीट म्हणजे निव्वळ शिष्टाचार. त्यात धाकू गुडघे हनुवटीला लावून डावीकडे, आणि मित्रा बापाच्या पाठीमागे घडी घालून. भाऊराव शेवटी बसले. ते खाली गेले, आणखी खाली गेले, आणि आदळले. हयातभर रस्त्याकडे वरून बघितलेला माणूस.

"रस्ता कुठे गेला?" ते म्हणाले.

"समोर आहे, बाबा."

"हां. दिसला. वर आहे."

आरसे लावून झाले. इंजिन सुरू झालं. आवाज असा गोड की मित्राने डोळे मिटले. मग तिने डोळे उघडले, कारण गाडी हलत नव्हती. भाऊराव स्टिअरिंगला दोन्ही हात लावून, आरशात बघत, शांत बसले होते.

"घ्या ना पुढे," नंदकुमार म्हणाले.

भाऊराव तसेच.

"काही अडचण आहे का?"

अडचण मित्राच्या लक्षात आली. तिने धाकूला कोपर मारलं. धाकूने सीटबेल्टचं लोखंडी टोक घेतलं आणि दाराच्या कडेवर दोनदा वाजवलं. टण टण.

गाडी निघाली.

पहिल्या डाव्या वळणाला भाऊरावांनी गाडी आधी पार उजवीकडे नेली, बसच्या शेपटाला पुरेल एवढी जागा सोडली, आणि मग राजेशाही थाटात वळवली. सोडलेल्या जागेत चार रिक्षा शिरल्या. पाचव्या रिक्षावाल्याने खिडकीतून डोकं काढून विचारलं, "अंकल, पीछे और डब्बा आ रहा है क्या?" नंदकुमारांनी डॅशबोर्ड गच्च धरला. मित्राने मात्र बाहेर बघायचं नाही असं ठरवून टाकलं. बापाचा होकार बाप देईल, गाडीची तब्येत आपण बघायची. तिने मोबाईलचा टॉर्च लावला, डोकं पायाशी घातलं आणि मॅट उचलून पत्रा तपासायला लागली. गंज नाही. चिखल नाही. पुढच्या उजव्या चाकातून मात्र गुणगुण येत होती. बेअरिंग. एवढं चालतंय.

ती तिथे खाली असतानाच गाडी थांबली. मग दार उघडलं, दार लागलं, टण टण झालं, आणि गाडी पुन्हा निघाली. मित्राला वाटलं सिग्नल असेल.

तिने डोकं वर काढलं. समोर नंदकुमारांच्या टकलाच्या जागी अंबाडा होता. अंबाड्यावर अबोलीची वेणी.

"बाबा," मित्रा म्हणाली, "काका कुठे आहेत?"

"कुठले काका?"

"ज्यांची गाडी आहे ते."

भाऊरावांनी डावीकडे बघितलं. मांडीवर रिकामी पाटी घेऊन एक धिप्पाड कोळीणबाई बसली होती आणि एसीकडे तोंड करून, डोळे मिटून वारा घेत होती.

झालं होतं ते असं. स्टॉप आला, भाऊरावांचा पाय ब्रेकवर गेला. स्टॉपवर ही कोळीण, सोनूबाई, उभी होती, तिने हात दाखवला. धाकूने खिडकीतून म्हातारी बाई उभी बघितली आणि आयुष्यभर जे बोलला तेच बोलला: "साहेब, उठा जरा, बाईमाणसाला जागा द्या." आणि नंदकुमार, चाळीस वर्षं कंडक्टरचं ऐकत आलेला सभ्य मुंबईकर, निमूट उठले, खाली उतरले, सोनूबाईला दार धरून उभे राहिले. दार लागलं. धाकूने बेल दिली. बेल मिळाल्यावर भाऊराव थांबतात का कुठे?

"मागे फिरवा," मित्रा म्हणाली.

"पॅसेंजर उतरवल्याशिवाय गाडी फिरत नाही," भाऊराव म्हणाले.

"पॅसेंजर? बाबा, ही बस नाही."

"बस नाही तर स्टॉपवर कशाला थांबली?" सोनूबाई डोळे न उघडता म्हणाली. "मी हात दाखवला, गाडी थांबली, कंडक्टरने जागा करून दिली. आता मला खाडीवर सोडा. मध्ये उतरणार नाही मी."

"तिकीट तरी काढू नकोस म्हणावं," भाऊराव धाकूला म्हणाले.

"सुटे नाहीत माझ्याकडे," धाकू म्हणाला, आणि हे तो चेष्टेने म्हणाला की सवयीने, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

एवढ्यात सीटखाली मोबाईल वाजला. नंदकुमारांचा. पडद्यावर नाव सुहासिनी. मित्राने तो घेतला, कारण न घेणं म्हणजे चोरी आणि घेणं म्हणजे चोरीची कबुली, त्यातल्या त्यात कबुली बरी.

"काकू, मी संघमित्रा. काका चुकून स्टॉपवर राहिलेत. गाडी आमच्याकडे आहे. आम्ही लगेच परत आणतो."



"गाडी परत आणू नकोस," सुहासिनीबाई म्हणाल्या. "त्यांना आण वाटलं तर."

सोनूबाईला खाडीवर उतरवलं. तिने उतरताना दारावर थाप मारली आणि भाऊरावांना म्हणाली, "ब्रेक झकास आहेत हो. पाटी जराही हलली नाही." भाऊरावांची छाती एसीतही फुगली.

परत स्टॉपवर आले तर नंदकुमार ट्रॅफिक हवालदाराला हातवारे करून सांगत होते.

"अहो, माझी गाडी घेऊन गेले. एक चालवणारा होता, एक मागे बसून बेल देत होता, आणि एक म्हातारी स्टॉपवर चढली."

हवालदाराने शांतपणे ऐकून घेतलं. "काका," तो म्हणाला, "त्याला बस म्हणतात."

आता मात्र नंदकुमार चिडले. गाडी विकायची नाही, वांद्र्याच्या माणसालाही द्यायची नाही, कुणालाच द्यायची नाही. चावी द्या आणि चालते व्हा. भाऊराव ओशाळून खाली बघत होते. धाकू सीटबेल्टचं टोक खिशात घालायचा प्रयत्न करत होता आणि ते गाडीला जोडलेलं होतं.

मित्रा समोर उभी राहिली.

"काका, चूक आमची. पण एक सांगते. तुमच्या गाडीचे टायर एका बाजूला चपटे झालेत. उभं राहून. ऑइल तुम्ही वेळच्या वेळी बदलता, पत्र्याला गंज नाही, धूळसुद्धा नाही. एवढं जपलंत, आणि ती जाते कुठे? पार्किंगमध्ये. पळायला बनवलीय ती. तुम्ही तिचा रेडिओ करून टाकलाय."

 नंदकुमारांनी गाडीच्या नाकावरून हात फिरवला.

"आज खाडीपर्यंत गेली का?" त्यांनी भाऊरावांना विचारलं.

"गेली. आणि स्टॉपवर दार बरोबर म्हातारीच्या पायापुढे लावलं. इंचाचा फरक नाही." भाऊराव मित्राकडे वळले. "स्कूटर हलवतो. घे ही."

झालं. बापाचा होकार आला, मालकाचा आला, मालकिणीचा तर कधीचाच आलेला होता. सुहासिनीबाईंनी फोनवरच सांगितलं, की नारळ-लिंबू तयार ठेवते. "लिंबाचं सरबत करा, आम्ही येतोच," भाऊराव म्हणाले. त्यांच्या घरात चाकाखाली लिंबं ठेवायची पद्धत नव्हती, प्यायची होती.

"तूच चालव आमच्या घरापर्यंत," नंदकुमार मित्राला म्हणाले. 

मित्रा बसली. दोन्ही हात स्टिअरिंगला. समोर लिंक रोड. सगळं बालपण समोरून ओव्हरटेक करून गेलेलं, आणि आता आपली पाळी. तिने पहिला गिअर टाकला.

खिडकीवर टकटक झाली. हवालदार.

"लायसन्स."

तिने ताठ मानेने दिलं. त्याने उलटसुलट करून बघितलं.

"हे लर्निंग आहे."

(हे इथवर सांगितलं नाही, कारण इथवर कुणी तिला विचारलं नव्हतं. गाडीतलं सगळं कळायला लायसन्स लागत नाही, आणि तिला सगळं कळत होतं, फक्त चालवणं सोडून.)

"शेजारी पक्क्या लायसन्सचा माणूस बसवा," हवालदार म्हणाला, "आणि पुढे-मागे लाल एल. नाहीतर पावती."

नंदकुमारांच्या बिल्डिंगपर्यंत गाडी भाऊरावांनीच नेली. तिथून ते, पक्क्या लायसन्सचा माणूस म्हणून, डावीकडे बसले, हात हँडब्रेकवर. एल सुहासिनीबाईंनी काढून दिला. पांढरे कागद कापून त्यावर लिपस्टिकने, दोन्हीकडे, हातभर मोठा. त्यांना इतका आनंद झाला होता की गुडघे विसरून त्या वाकल्या.

बोरिवली ते घाटकोपर संघमित्राने कुणालाही मागे टाकलं नाही. भाऊराव टाकू देईनात. अंधेरीच्या सिग्नलला शेजारच्या रिक्षातल्या बाईने वाकून एल बघितला, गाडी बघितली, भाऊरावांचा रुबाब बघितला.

"काका, क्लास कुठला तुमचा? शिकायला एवढी चांगली गाडी देतात?"

"बायकांना फुकट," भाऊराव म्हणाले, आणि खिडकी खाली करून आपला नंबर सांगितला.

रात्री शकुने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, की रस्त्यातल्या बाईला फुकट तर घरातल्या बाईला काय भाव. दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्टिअरिंगवर होती. तिच्या मागोमाग पंतनगरातल्या पद्मजाताई आल्या, मग तळमजल्यावरच्या दोघी. मागच्या सीटवर धाकू बसतो, थांबायचं की निघायचं ते सांगायला. गाडीच्या मालकिणीचा, म्हणजे मित्राचा, नंबर रविवारी लागतो, तोही एखादीकडे पाहुणेबिहुणे आले आणि ती येऊ शकली नाही तर.