चटणीतला स्क्रू

आकाराम चौगल्यांचा फोन चार्जिंगला लावणं हे आता एका माणसाचं काम राहिलं नव्हतं. एकानं वायरीची पिन आत खुपसून डावीकडं दाबून धरायची, दुसऱ्यानं फोन मिठाच्या बरणीला तिरका टेकवायचा आणि तिसऱ्यानं पडद्यावर विजेचं चिन्ह उमटलं की "थांबा! हलू नगासा!" असं ओरडायचं. घरात माणसं तीनच होती: आकाराम, त्यांची बायको संयोगिता आणि मुलगी तेजस्वी. त्यामुळं फोनला विजेचं चिन्ह दिसेपर्यंत शिवाजी पेठेतल्या त्या घरात दूध उतू गेलं, तरी गॅस बंद करायला कुणी मोकळं नसे.

साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरून निवृत्त झालेल्या आकारामांचं यावर एक ठाम मत होतं. फोनचं तोंड जोतिबाच्या डोंगराकडं केलं, की चार्जिंग लवकर होतं.

"आबा, दिशेचा काय संबंध?" भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झालेली तेजस्वी म्हणायची. "पोर्ट झिजलंय. पिन बसती तिथलं पत्रं ढिलं पडलंय."

"मग काल डोंगराकडं तोंड नव्हतं तर चार्ज का झाला न्हाय?"

"कारण काल तुमी मीठ घ्यायला बरणीच उचललासा."

आकारामांना हे पटलं नाही. तसं त्यांना तेजस्वीचं सध्या काहीच पटत नव्हतं. पुण्यातल्या एका कंपनीनं तिला प्रयोगशाळेत बोलावलं होतं. नवी उपकरणं उघडायची, तपासायची, बिघडतात कुठं ते शोधायचं, असं काम. ती हरखून गेली होती. आकारामांच्या मनात मात्र होतं बी.एड., मग कोल्हापुरातली एखादी शाळा, मग संध्याकाळी घरी. संयोगिता मुलीच्या बाजूनं होती, पण ती बाजू तिनं आजवर तोंडानं घेतली नव्हती.

"यंत्रं उघडायची नोकरी? तुला?" रविवारी दुपारी मॅचला निघताना आकाराम दारातच थांबले. "अगं, दिवाळीत तू मिक्सर उघडलीस, त्याचं झाकण आजून बसंना."

"ते आधीच चेपलेलं हुतं."

"मग ह्यो फोन नीट करून दाव. मी मॅच बघून येतोय. येईस्तवर ह्यो फोन एका माणसानं, एका हातानं चार्जिंगला लागला, तर जा पुण्याला. न्हायतर बी.एड.चा फॉर्म भरायचा. त्यो बी हसत."

"आन् लागला तर तुमी बी हसत पाठवायचं."

"व्हय की!" असं म्हणून आकाराम निघून गेले. त्यांच्या तालमीच्या संघाची फुटबॉल मॅच होती; त्यांना दुसरीकडं हसायला सवड नव्हती.

तेजस्वीची तयारी आधीच झाली होती. नवा पोर्ट तिनं ऑनलाइन मागवून ठेवला होता. एका लहानशा पट्टीवर तो बसवलेला होता, म्हणजे सोल्डरिंगचा डाग द्यायची भानगड नव्हती. जुनी पट्टी काढायची, नवी बसवायची. मोठा पांढरा कागद घेऊन तिनं त्यावर फोनचं चित्र काढलं आणि जिथला स्क्रू तिथंच चिकटून राहावा म्हणून जागोजागी दुहेरी टेप लावली. प्रयोगशाळेत शोभावी अशी शिस्त होती. चुकली ती फक्त जागा.

त्या दिवशी घरात चटणी होती. कोल्हापुरात चटणी म्हणजे वर्षभराचं कांदा-लसणाचं तिखट. मिरच्या, धणे, खोबरं, कांदा, लसूण सगळं तळून-भाजून संयोगितानं आदल्या दिवशी डंखावर, म्हणजे मुसळांच्या गिरणीत, कांडून आणलं होतं आणि ते गार व्हायला दोन परातींत पसरून ठेवलं होतं. दोन्ही पराती जेवणाच्या टेबलावर. उरलेल्या अर्ध्या टेबलावर तेजस्वी. शिवाय यातली एक परात आत्तीची, म्हणजे बयाबाईंची होती, आणि ती न्यायला त्या आजच कबनूरहून येणार होत्या. आकारामांना जन्मात दोनच गोष्टींची धास्ती वाटायची: काट्याची तपासणी आणि ही थोरली बहीण. नोकरी संपल्यावर सगळी धास्ती बहिणीच्या वाट्याला आली होती.

शेजारच्या तानाबाईंच्या सुनेचा हेअर ड्रायर आणून तेजस्वीनं फोनच्या पाठीमागचं झाकण तापवलं. गोंद सुटला. जुन्या प्लॅस्टिक कार्डाच्या कडेनं झाकण अलगद निघालं. बॅटरीची जोडणी सोडवली, एकेक स्क्रू कागदावर आपापल्या जागी गेला. जुना पोर्ट दिसला तेव्हा तिला हसूच आलं. झिजलेला तर होताच, वर आत लालभडक चटणी ठासून भरली होती.

"आई, बघ. आबा जेवता जेवता फोन लावत्यात त्याचा पुरावा."

"मला काय दावतीस? मला आधीपासनं ठावं हाय," संयोगिता आतून म्हणाली.

एकच अडचण आली. जुन्या पोर्टची पट्टी खाली गोंदानं घट्ट बसली होती. तेजस्वीनं फोन फिरवून घेतला आणि ड्रायर पुन्हा सुरू केला. गोंद किती तापला की सुटतो हे तिनं नीट वाचलं होतं. ड्रायरचा वारा पुढं कुठवर जातो, हा प्रश्न कुठल्याच व्हिडिओत आला नव्हता, कारण ते व्हिडिओ करणाऱ्यांच्या टेबलावर चटणी नव्हती.

परातीतून एक लाल ढग उठला. तेजस्वी शिंकली. काय झालं म्हणून धावत आलेली संयोगिता दारातच शिंकली. तेजस्वी दुसऱ्यांदा शिंकताना तिचा हात कागदाला लागला, आणि कागद सगळ्या स्क्रूंसकट उचलला जाऊन आत्तीच्या परातीत पालथा पडला. टेपनं स्क्रू सोडले आणि त्यांच्याऐवजी चटणी धरली.

डोळे पुसत पुसत दोघींनी बोटांनी चाचपून चार स्क्रू काढले. दोन सापडेनात.

"वन्सं आल्यावर काय सांगू गं? चटणीत खिळं हायत म्हणून?"

"खिळं न्हाईत आई, स्क्रू."

"मग तर लईच बरं झालं की!"

"चाळून घेऊया?"

"चाळ की. तुझा स्क्रू केवढा, चटणीची गुठळी केवढी! चाळणीतनं स्क्रू आधी खाली जाईल."

हे शास्त्रीयदृष्ट्या बरोबर होतं. तेजस्वीनं डोकं धरलं, आणि मग तिची नजर फ्रीजवर गेली. फ्रीजच्या दारावर नृसिंहवाडीहून आणलेलं चुंबक होतं. घरातलं एकुलतं एक. त्यावर दत्ताची तसबीर होती.

"आजाबात न्हाय!" संयोगिता फ्रीजला पाठ लावून उभी राहिली. "वाडीचं दत्तम्हाराज कांद्या-लसणात बुडवतीस?"

"प्लॅस्टिकच्या पिशवीत घालतो की. पिशवीतनं बी चुंबक ओढतंय."

"देवाला रेनकोट घालतीस?"

"दोन घालतो. तोंड वर, पाठ खाली. एक बी कण लागणार न्हाय. आई, आबा येत्यात गं. मला बी.एड. करायला लावतील."

संयोगितानं मुलीच्या तोंडाकडं पाहिलं. मग तिनं स्वतःच चुंबक काढलं, कपाळाला लावलं, "म्हाराज, पोरीच्या नोकरीसाठी हाय" असं पुटपुटली आणि ते दोन पिशव्यांत गुंडाळून तेजस्वीच्या हातात दिलं. तेजस्वी ते चटणीतून हलकेच फिरवू लागली, आणि नेमक्या त्याच वेळी दारात बयाबाई उभ्या राहिल्या.

"काय चाललंय ह्ये?" त्या गरजल्या. "दत्ताला तिखटाचा निवद दावतायसा व्हय गं?"

उत्तर द्यायच्या आधी तेजस्वीनं चुंबक वर उचललं. पिशवीला एक स्क्रू चिकटला होता. पण तिघी बघत राहिल्या ते त्या स्क्रूकडं नव्हे. पिशवीच्या तळाला बारीक, काळी दाढी फुटली होती.

"ह्ये काय?"

"लोखंड, आत्ती. डंखाची मुसळं लोखंडाची. कांडताना झिजत्यात, त्याची पूड उतरती. थोडीफार सगळ्याच डंखांवर येती."

"म्हंजे इतकी वरसं मी लोखंड खाल्लो?"

"थोडंसं."

"तरीच माझं गुडघं वाजत्यात!" बयाबाईंनी पदर खोचला. "फिरव पोरी, फिरव. दत्त सोताच शोधून काढतोय, आपुन कोण अडवणार?" आणि दारात जाऊन त्यांनी गल्लीला ऐकू जाईल अशी हाक मारली, "तानाबाई! तुमची चटणी घेऊन या हिकडं! आमची तेजी लोखंड काढतीया!"

तानाबाई आल्या. त्यांच्या मागून समोरच्या घरातल्या दोघी आल्या, मग आणखी चौघी. कुणी बरणी आणली, कुणी डबा. तेजस्वीनं चुंबक आत्तीच्या हवाली केलं आणि टेबलाचा एक कोपरा पकडून घाईघाईनं नवा पोर्ट बसवायला घेतला. तिच्या पाठीमागं कुणाच्या चटणीत जास्त लोखंड यावर चुरस सुरू झाली. तानाबाईंची दाढी सगळ्यात मोठी निघाली.

"आमच्या मालकांचं डोस्कं एवढं जड का, ते आज कळलं," त्या म्हणाल्या.

पट्टी बसली. वायरी जोडल्या. पाच स्क्रू लागले, सहावा सापडला नाही. तेजस्वीनं झाकण दाबून बसवलं, आणि आकाराम दारात आले.

दाराबाहेर चपलांचा ढीग होता. आत बायका दाटीवाटीनं बसल्या होत्या आणि एकजात सगळ्या डोळे पुसत होत्या. आकारामांचा चेहरा पांढरा पडला.

"कोण... कोण गेलं?"

"लोखंड गेलं," बयाबाई म्हणाल्या. "बस खाली."

सगळा प्रकार समजायला त्यांना थोडा वेळ लागला. समजल्यावर त्यांनी हात पुढं केला. "फोन?"

तेजस्वीनं फोन दिला. आकारामांनी एका हातात फोन, एका हातात वायर घेतली आणि पिन लावली. कट्ट असा आवाज आला. नव्या पोर्टात पिन घट्ट बसली होती.

पडदा काळाच राहिला.

आकारामांनी फोन सवयीनं जोतिबाच्या दिशेला वळवला. काळाच. त्यांनी मुलीकडं पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जिंकल्याचा आनंद नव्हता, हे बघून तेजस्वीला जास्तच वाईट वाटलं.

"ऱ्हाऊ दे," ते हळूच म्हणाले. "मिक्सरपेक्षा बरा बसवलायस. झाकण तरी बसलंय."

झाकण! तेजस्वीनं फोन ओढूनच घेतला. बॅटरीची जोडणी सगळ्यात आधी सोडवायची, म्हणून तिनं आधी सोडवली होती. सगळ्यात शेवटी लावायची, म्हणून ती शेवटपर्यंत राहूनच गेली होती. तिनं नखानं झाकण उचकटलं. आत, स्पीकरच्या इवल्याशा चुंबकाला चिकटून, सहावा स्क्रू निवांत बसला होता. तिनं तो त्याच्या जागी लावला, बॅटरीची जोडणी बोटानं दाबली, झाकण लावलं आणि फोन परत वडलांच्या हातात दिला.

आकारामांनी पिन लावली. विजेचं चिन्ह उमटलं.

त्यांनी फोन हलवला. उलटा केला. वायर पुरेल तिथवर खोलीत फिरवून पाहिला. मग टेबलावर ठेवून दोन पावलं मागं सरले. चिन्ह जागच्या जागी होतं. आकारामांनी घसा खाकरला.

"जा पुण्याला," ते म्हणाले. आणि बोली होती म्हणून हसले. सुरुवातीला बोलीपुरतं, मग खरोखरच.

"कुठं जा?" बयाबाई चुंबक उगारून उभ्या राहिल्या. "सगळ्या गल्लीची चटणी व्हायचीया! कबनूरला माझ्या चार जावा हायत. ही गेली तर लोखंड कोण काढणार?"

"व्हय की," तानाबाई म्हणाल्या. "एवढा हंगाम ऱ्हाऊ दे."

"म्हयनाभर थांबली तर काय बिघडतंय?" संयोगिताही म्हणाली, आणि तेजस्वी आईकडं बघतच राहिली.

आकारामांनी आजवर आक्काला उलट उत्तर दिलेलं त्या खोलीतल्या कुणी ऐकलं नव्हतं. आकारामांनीही नव्हतं.

"न्हाय आक्का," ते म्हणाले. "शब्द दिलाय. आन् असलं डोस्कं चटणीत घालायचं नसतंय. पोरगी जाणार."

"मग चटणी कोण बघणार?"

आकारामांनी आक्काच्या हातातलं चुंबक काढून घेतलं.

"मी," आकाराम म्हणाले. "जलमभर काट्यावर उसाच्या ट्रॉलीतली माती वळखली. ह्येवढंसं लोखंड काय लपतंय व्हय माझ्यापासनं?"

तेजस्वी पुण्यात रुजू झाली त्याच आठवड्यात, दुपारच्या सुट्टीत तिचा फोन वाजला. पलीकडं धाड धाड मुसळं पडत होती आणि बायकांचा गलका चालला होता.

"तेजे, डंखावरनं बोलतोय. डंखवाल्यानं मला खुर्ची दिलीया. तालमीतल्या जुन्या कर्ण्याचं चुंबक काढून आणलं, पर ते एवढं ओढतंय की पिशवीच फाटतीया. काय करू?"

"आबा, पिशवी नगो. प्लॅस्टिकच्या डब्यात घाला, झाकणाच्या."

"जाड डबा का पातळ?"

तेजस्वी विचार करू लागली. तेवढ्यात पलीकडचा गलका वाढला. कुणीतरी नंबर कुणाचा म्हणून भांडत होतं, कुणीतरी आवाज चढवून आकारामांनाच घाई करत होतं. आकारामांनी फोन तोंडापासून जरा लांब धरला असावा, पण त्यांचा दम तिला स्वच्छ ऐकू आला.

"गप बसा गं जरा! सायबास्नी इचारतोय न्हवं!"