एका अंगाने सजलेली घोडी

बिजुलीसारखी पांढरी घोडी अख्ख्या कुमाऊंत शोधून सापडायची नाही, असं हरक सिंग चहाच्या दुकानात छातीठोकपणे सांगत होता, त्याच वेळी बिजुली घरामागच्या पाइनच्या झाडाला मनसोक्त अंग घासत होती.

आजवर तिने मोटाररस्त्यापासून गावापर्यंत वाळू आणि गॅसच्या टाक्या वाहिल्या होत्या. आता तिला वरातीची घोडी करायची, असं हरक सिंगच्या मनात होतं. गावातल्या निवृत्त सुभेदारांनी मुलाच्या लग्नासाठी तिला बोलावलं होतं. घोडी शोभली तर भाऊबंदांच्या साऱ्या वराती तुझ्याच, असा त्यांचा शब्द होता. नाही शोभली तर वाळू होतीच. म्हणून सकाळी त्याने तिला साबणाने न्हाऊ घातलं आणि वाळायला झाडाला बांधलं. त्या झाडाला चीर देऊन, चीक गोळा करायला खाली डबा ठोकलेला आहे, हे तेवढं विसरला.

परत येऊन पाहतो तर डबा उपडा, आणि घोडीच्या डाव्या खांद्यावर परातीएवढा डाग! त्यावर पाइनच्या वाळक्या सुया साळिंदरासारख्या उभ्या.

त्याने थंडगार पाणी ओतलं. चीक लाखेसारखा घट्ट झाला. बायकोने, गोविंदीने, मोहरीचं तेल दिलं आणि हळूहळू चोळा म्हणून सांगितलं. तेलाने चीक खरंच सुटू लागला, पण हळूहळू काही करणं हरक सिंगच्या स्वभावात नव्हतं. त्याने दोन्ही हातांनी असं रगडलं, की डाग पुठ्ठ्यापर्यंत पोचला. मग भांड्यांचं तेल राखेने जातं, तर घोडीचं का नाही, असा विचार करून त्याने चुलीतली राख फासली. आता बिजुली उजवीकडून हंस आणि डावीकडून करपलेला तवा दिसू लागली.

खालच्या वळणावर ढोल वाजू लागले.

"चादर टाकू का अंगावर?" हरक सिंगने विचारलं.

"कोणाच्या? तुमच्या?" गोविंदी म्हणाली.

ती सुभेदारांच्या उंबऱ्यावर ऐपणाची रांगोळी काढून नुकतीच परतली होती. उरलेला गेरू आणि वाटलेल्या तांदळाचं पांढरं पाणी हाताशी होतं. तिने घोडीची डावी बाजू गेरूने सारवली आणि उंबऱ्यावर काढतात तशा वेली, शंख, लक्ष्मीची पावलं बोटाने काढत गेली. भिंतीवर बसला नसता असा रंग त्या चिकावर बसला.

वरात निघाली. डावीकडच्या घरांतल्या बाया थक्क झाल्या. त्या कशाने थक्क झाल्या हे उजवीकडच्यांना कळेना, म्हणून त्याही रस्ता ओलांडून डावीकडे आल्या. घोळ झाला तो नवरीच्या दारात. नवरदेवाचा डावा गुडघा घोडीला चिकटला होता. दोघा मामांनी तो ओढून काढला.

"जावयाला घोडीच जास्त आवडलेली दिसते," नवरीकडची एक म्हातारी म्हणाली.

हरक सिंगला डोळ्यांपुढे वाळूची पोती दिसू लागली. सुभेदारांनी घोडीभोवती एक फेरी मारली, परेडची पाहणी करावी तशी.

"पुढच्या महिन्यात पुतण्याचं लग्न आहे," ते शेवटी म्हणाले. "हीच घोडी आण. पण दोन्ही बाजूंनी सजव. अर्धवट काम मला खपत नाही."

दुसऱ्या दिवशी गोविंदीने उजव्या बाजूला गेरू लावून पाहिला. स्वच्छ, मऊ केसांवरून तो ओघळला आणि खुरांपाशी त्याचं तळं झालं. नवराबायकोने घोडीकडे पाहिलं, मग झाडाकडे.

तेव्हापासून हरक सिंग बिजुलीला रोज त्याच पाइनखाली उभं करतो, उजवी बाजू डब्याकडे करून. कसं घासायचं ते स्वतः खांदा खोडाला लावून दाखवतोही. त्याच्या सगळ्या सदऱ्यांचे खांदे चिकाने कडक झाले आहेत.

बिजुलीला मात्र हल्ली खाज म्हणून सुटत नाही.