मधुकररावांचं हिरवं गवत

रुखमिणीनं मातामायला बोललेला नवस तसा साधाच होता. "माय, यांची बदली सिरोंच्याहून साकोलीले होऊ दे. अंगनातल्या पाखरानं पह्यला घास खाल्ल्याबिगर या घरात कोनीच काई खानार नाई." हे 'कोनीच' तिनं भक्तीच्या भरात टाकलं. (मातामायनं नेमकं तेच ऐकलं.)

बदली झाली. पाखरांचीही अडचण नव्हती. अंगणात मुनगा म्हणजे शेवगा, जास्वंद, मेंदीचं कुंपण आणि कोपऱ्यात पाल्याचा ढीग. भाताचा घास कट्ट्यावर ठेवून ती वळते न वळते तोच सातभाई पाखरांचा थवा भांडत हजर. उजाडता उजाडता घरात चहा.

पण तिचे यजमान मधुकरराव कचेरीत साधे बाबू असले तरी घरी कलेक्टर होते.

"अंगन हाय का जंगल?" म्हणत त्यांनी एका रविवारी मुनगा छाटला, मेंदी उपटली, पाला जाळला आणि अंगणभर प्लास्टिकचं गवत अंथरलं. "पाय आता. फोटोवानी दिसते!"

"फोटोत पाखरू येते का जी?"

"काहून नाई? त्याले डोये नाईत?"

डोळे होते, म्हणूनच आलं नाही.

सोमवारी ऊन चढलं, घास कट्ट्यावर वाळला, पोहे झाकणाखाली थंड झाले. मधुकररावांनी मोबाइलवर पक्ष्यांचे आवाज लावले. त्यातला एक ससाण्याचा निघाला. तारेवर दोन पारवे होते, तेही गेले.

"सुंदरबाईचा कोंबडा आनू का? तोई पाखरूच हाय."

"आपल्या मनानं आला पायजे. धरून आनलेला नाई चालत."

तेवढ्यात शेजारची सुंदरबाई सरळ अंगणात आली (कुंपण कुठं उरलं होतं!). "कोंबडा नाई देत भाऊजी. तुमची भूक पाहून मले भरोसा नाई वाटत."

रुखमिणीला उपासाचं काही नव्हतं. सोमवार, गुरुवार, चतुर्थी करून करून तिचं पोट शहाणं झालं होतं. काळजी होती नवसाची. तो मोडला आणि मातामायनं बदली परत घेतली तर? पाच वर्षांनी माणूस घरी आला होता. अंगण जाळलं तरी तिचाच होता. ती कट्ट्यासमोर हात जोडून बसली.

मधुकरराव उपाशीच कचेरीत गेले आणि दुपारी पाय न वाजवता परत आले. तिला ते स्कूटरच्या आड वाकलेले दिसले. 'बिच्चारे, चक्कर आली वाटते,' म्हणून ती उठते तोच वरून कावळा सुटला.

"मेलो व, रुखमिणी!"

कावळा छपरावर बसला होता. चोचीत आलुबोंडा.

"माय पावली!" रुखमिणीच्या डोळ्यांत पाणी आलं. "पाखरू जेवलं!" मग पाणी पुसल्यावर जरा नीट दिसलं. "अजी, आलुबोंडा कोठून आला?"

"कावड्यासाठीच आनला होता!"

"अन् मिशीले चटनी?"

"चाखून पाह्यला. त्याले तिखट लागन म्हनून."

मातामायचा निकाल रुखमिणीच सांगते, त्यावर अपील नसतं. गवताची गुंडाळी कोंबड्याच्या खुराड्यावर गेली. मेंदी पुन्हा लागली, मुनग्याला फुटवे आले. पाला जाळणारे मधुकरराव पोत्यात पाला भरून आणताना अख्ख्या साकोलीनं पाहिले.

सातभाई परतायला पुढचा पावसाळा लागला. तोवर एकटा कावळाच यायचा, आणि तो भाताला शिवेना. म्हणून रोज सकाळी मधुकरराव हातात गरम आलुबोंडा धरून, उपाशीपोटी, अंगणात उभे.

तर बायांनो, तुम्हीही असंच करा. मुनगा राखा, मेंदीचं कुंपण ठेवा, पाला जाळू नका, पहिला घास पाखराला वाढा. मातामाय सगळ्यांचे नवरे घरी आणो. आणल्यावर त्यांचं काय करायचं, ते कावळा पाहून घेतो.