निष्कलंक माणसाचा शोध

कुलूपवाल्याने आणि त्याच्या बायकोने वेगळं व्हायचं ठरवलं तेव्हा त्यांच्यात भांडण उरलं नव्हतं, हीच त्यांची पहिली चूक. मुलगी भिंगरी आठवडाभर आईकडे आणि रविवारी बापाकडे राहील, असं दोघांनी जेवताजेवता ठरवून टाकलं. आजीने, म्हणजे कुलूपवाल्याच्या आईने, डोळे पुसत मान डोलावली. नात नजरेसमोर राहिली की तिचं बाकी काही मागणं नव्हतं.

सुनेच्या वकीलबाईंना मात्र हे ऐकून धक्का बसला.

"समजुतीनं? नवऱ्यावर एखादा गुन्हा नाही?"

"नाही हो. घोरतो फक्त."

"मग त्यानं आधी तुमच्यावर दाखल केला तर? मुलगी गेली हातची! पहिली तक्रार करतो तो पालक, मागून येतो तो आरोपी."

सुनेला हसूच आलं. काही वर्षांपूर्वी नवऱ्याने रागात फेकलेलं कुलूप तिच्या कपाळाला लागलं होतं. ती पोलीस ठाण्यात गेली, तर जमादार म्हणाले, "घरातली बाब आहे ताई, समजुतीनं घ्या." खोक घेऊन गेली तेव्हा समजूत मिळाली, आता समजूत घेऊन आली, तर खोक मागत होते. पण मुलगी जाईल म्हटल्यावर हसू मावळलं. वकीलबाईंच्या सल्ल्याने तिने दाराचं कुलूप बदललं.

त्याच आठवड्यात भिंगरीचा दम्याचा पंप बापाकडे राहिला. तो द्यायला कुलूपवाला गेला, तर घरी कोणी नाही. हाताला सवय, त्याने तारेने कुलूप उघडलं, पंप टेबलावर ठेवला, कुलपाला तेल घातलं, पुन्हा लावलं आणि बायकोला फोन केला, "फारच हलकं कुलूप घेतलंस गं. दुकानातून चांगलं घेऊन जा."

कायद्याच्या भाषेत याला कबुलीजबाब म्हणतात. घरफोडीचा गुन्हा दाखल झाला. कसबी हाताने केल्यामुळे तो अधिक गंभीर ठरला. तेलाचा थेंब पुरावा म्हणून जप्त झाला.

कुलूपवाल्याच्या वकिलांनी बाह्या सरसावल्या. सून केस कापायचं दुकान चालवायची. उवा झाल्या म्हणून तिने भिंगरीचे केस बारीक केले होते. तक्रारीत त्याचं 'अल्पवयीन बालिकेच्या डोक्याजवळ धारदार हत्यार चालवणे' झालं. उवांचा जबाब नोंदवता आला नाही.

दोन्ही पालक आरोपी झाले, तेव्हा मुलगी आजीकडे द्यावी असं निघालं. आजीने उशीला नवा अभ्रा घातला. इतक्यात वकीलबाईंनी तक्रार केली, की आजीने पालकांच्या लेखी संमतीशिवाय मुलीला शाळेतून पळवून नेलं.

"पळवून?" आजी फौजदाराला म्हणाली, "अरे बाबा, रोज आणते मी तिला!"

"लिहून घ्या," फौजदार शेजारच्या शिपायाला म्हणाला. "सराईत आहे."

निकालाच्या दिवशी भिंगरी न्यायालयाच्या बाकावर पाय हलवत बसली होती. तिच्याकडे पाहता पाहता आजीला आपले तरुणपणचे दिवस आठवले. तेव्हा कुणाच्या घरात आवाज चढला, की शेजारीण साखर मागायच्या निमित्ताने आत यायची आणि पोराला कडेवर घेऊन बाहेर पडायची. पोर तिच्याकडेच जेवायचं, झोपायचं. त्याला कोणी ताबा म्हणत नसे.

"या मुलीच्या आसपास एकही निष्कलंक माणूस नाही?" न्यायाधीशांनी विचारलं.

तेव्हा साक्षीला आलेले शेजारचे गृहस्थ उभे राहिले.

"कुलूप फेकलं तेव्हा घरी होतात?"

"होतो ना. सगळं ऐकू आलं. भिंत पातळ आहे."

"मग काय केलंत?"

"टीव्हीचा आवाज वाढवला. आपण कशाला दुसऱ्याच्या भानगडीत पडा?"

"तुमच्यावर कधी तक्रार? गुन्हा?"

"छे! कधीच नाही."

न्यायाधीशांचा चेहरा उजळला. मुलीचा ताबा गृहस्थांना देण्यात आला.

"अहो, पण मी ओळखतही नाही हिला!"

"उत्तम. म्हणजे पूर्वग्रह नाही."

आजीने नातीच्या डोक्यावरून हात फिरवायला हात पुढे केला. शिपायाने तो अडवला. आरोपीने बालकाला स्पर्श करायचा नसतो.

"आजी, मी कुठे जायचं?" भिंगरीने विचारलं. उत्तर फक्त न्यायालयाकडे होतं.

गृहस्थांनी दुसऱ्याच दिवशी नकाराचा अर्ज दिला. न्यायालय जराही डगमगलं नाही. असे निष्कलंक लोक प्रत्येक इमारतीत मजल्यामजल्यावर सापडतात. एकाने नाकारलं की दुसरा, दुसऱ्याने नाकारलं की तिसरा. शिपाई भिंगरीचा हात धरून अजून दारं वाजवत फिरतो आहे.

तुमच्या नावावरही कधी काही नाही ना? मग टीव्ही जरा बारीक करा. दार वाजतंय.