सत्काराच्या निधीतून

साथ आली तेव्हा परिचारिकांविषयी आम्हाला आदर होताच. साथ वाढल्यावर बोरिवलीच्या आमच्या सोसायटीने तसा ठरावच केला. माझ्या वरच्या खोलीत भाड्याने राहणारी संघमित्रा सरकारी रुग्णालयात कंत्राटी परिचारिका. तिचा पगार तीन महिने झाला नव्हता.

तिने अर्ज केला. रुग्णालयाचे प्रशासन अधिकारी मधुकरराव म्हणाले, "सिस्टर, वेतनासाठी निधी नाही. सत्कारासाठी आहे, आणि तो मार्चअखेर संपवावा लागतो."

तिचा शाल-नारळ देऊन सत्कार झाला. तिने स्मरणपत्र दिलं, तेव्हा पुन्हा झाला. हळूहळू सगळ्याच सिस्टर नारळ घेऊन कोपऱ्यावरच्या खंडूशेठच्या दुकानात येऊ लागल्या. तो ते अर्ध्या भावात घेई आणि पूर्ण भावात रुग्णालयाला विकी. व्यवहार पारदर्शक होता.

एक तारखेला संघमित्रा माझ्याकडे आली.

"काका, भाड्याला जरा थांबाल का?"

"अगं, तू देवदूत आहेस. पैशाचं काय घेऊन बसलीस?"

"मग थांबता ना?"

"भाड्याचा विषय वेगळा आहे."

ती दारातच उभी राहिली. "राग येतो हो काका. पीपीई घालून आठ-आठ तास पाणी पीत नाही मी. तिकडे गावी आईचं औषध बंद झालंय. मला शाल नको, पगार पाहिजे."

मला वाईट वाटलं. संध्याकाळी मी सोसायटीच्या ग्रुपवर तिच्यासाठी दिवा लावायचं आवाहन केलं.

पुढच्या आठवड्यात परिचारिका संपावर गेल्या. सोसायटीत संताप झाला. पैशासाठी सेवा सोडतात म्हणजे काय! बँकेत असताना बोनससाठी मीही संप केला होता, पण ती हक्काची लढाई होती. शेवटी संघमित्राने नोकरी सोडली, खोलीही सोडली. अंधेरीच्या एका मॉलमध्ये ती आता लिपस्टिक विकते. पगार वेळेवर होतो म्हणे.

महिन्याभरात मलाच तिच्या त्या रुग्णालयाच्या वॉर्डात भरती व्हावं लागलं. सलाईन संपलं, नळीत रक्त चढू लागलं. सकाळपासून हाका मारत होतो, कोणी फिरकलं नाही. दुपारी मधुकरराव आले. सोबत फोटोग्राफर होता.

"सिस्टर कुठेत?" मी विचारलं.

"पद रिक्त आहे. पण आपण दाखवलेला संयम अनुकरणीय आहे," असं म्हणून त्यांनी तापाने फणफणलेल्या माझ्या अंगावर शाल घातली.

फोटो लगेच ग्रुपवर आला. नळीतलं रक्त त्यात स्पष्ट दिसत होतं. त्याखाली हात जोडल्याचं चित्र तुम्हीही टाकलंत, मी पाहिलं.