बिनजाहिरातीचा टीव्ही

"आजपासून आपल्या घरात जाहिरात बंद!" भागवतनं बेंबळी गावातल्या आपल्या घराच्या मधोमध उभं राहून जाहीर केलं. थाट असा, की जणू निवडणूक जिंकूनच आला होता!

भागवतचं पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान. दिवसभर जळक्या मोटारी उघडून माणूस घरी यावा, तर मालिका चिमूटभर आणि जाहिराती पोतंभर! "साबणवाले, तेलवाले, दातवाले... फुकट मुक्काम ठोकलाय आपल्या घरात!" म्हणून त्यानं नवा टीव्ही घेतला, नेट घेतलं, वर बिनजाहिरातीची योजना घेतली. पाहिजे तेव्हा लावा, पाहिजे तेवढं बघा. साध्या टीव्हीवर यायचे भागसुद्धा इथं आधीच हजर!

आई सिताबाईनं रिमोट हातात घेतला आणि घर बिघडलं.

कारण हे घर चालायचं जाहिरातींवरच! एका जाहिरातीत भाकरी उलटायची, दुसरीत म्हशीला पेंड, तिसरीत नवरा-बायको एकमेकांशी बोलायचे. आता मध्ये फटच उरली नाही.

"दैवशाला, ऐकती का?" भागवतनं बायकोला हाक मारली.

"थांबा वं, महत्त्वाचं चाललंय."

तास गेला, तरी महत्त्वाचंच! भाकरीचं डांबर झालं. गोठ्यात म्हैस हंबरून हंबरून घोगरी झाली. भागवत उठायचा, बसायचा, दारापर्यंत जाऊन परत यायचा. गाभण शेळीलासुद्धा एवढी चलबिचल नसती! 'देवा, एक तरी साबण येऊ दे,' असं त्याच्या मनात येऊन गेलं.

सिताबाईचीही एक अडचण झाली. जाहिरात लागली की भूम गावच्या भावजयीला, शांताक्काला, फोन लावायचा, हा तिचा वर्षानुवर्षांचा नेम. दोघी एकाच वेळी तीच मालिका बघायच्या. आता जाहिरातच नाही, तर फोन कधी करायचा? तिनं एका दुपारी पुढचे सगळे भाग एका दमात संपवले, डोळे पुसले आणि भूमला फोन लावला.

शांताक्का गेली होती बाजारला. फोन उचलला दगडोबामामांनी, सिताबाईच्या भावानं. मामांचा आणि मालिकेचा जन्मात संबंध नव्हता. सिताबाईनं पलीकडं कोण आहे हेही विचारलं नाही.

"अगं, समृद्धी गेली गं! सासूनंच दुधातून इख दिलं!"

पलीकडून एक किंकाळी आली आणि फोन कटला. "शांताक्का लई मायाळू," म्हणत सिताबाईनं पुन्हा टीव्ही लावला.

मालिकेतल्या सुनेचं नाव समृद्धी. आणि मामांच्या, तेर गावी दिलेल्या लेकीचं नावही समृद्धी!

मामांनी लेकीला फोन लावला. बंद! मोबाईलवर तीच मालिका बघून बघून बिचाऱ्याची बॅटरी मेली होती. झालं! मामांची खात्रीच पटली.

भागवत दुकानात मोटार खोलत होता, तोच मामांचा फोन. "भागवता, पोरीला मारली रं त्या कैदाशिणीनं! आमी दोन जीपा घेऊन तेरला निघालाव!" पुढं खरखर, मग काहीच नाही.

भागवत हातातला पाना टाकून घरी धावला. आत आई आणि बायको ढसाढसा रडत होत्या.

"आई, खरंय का गं?"

"व्हय रं. गेलं लेकरू."

भागवतनं उंबऱ्यावरच बसकण मारली. लहानपणी खांद्यावर घेऊन फिरवलेली मामेबहीण! तो असा काही रडायला लागला, की दैवशालेनं पहिल्यांदाच टीव्हीवरून नजर काढली.

"आवं, तुमी कवापसनं मालिका बघाया लागलाव?"

भागवतनं डोळे पुसून टीव्हीकडं बघितलं. मेली होती ती मालिकेतली!

त्यानं मामांना पुन्हा पुन्हा फोन लावला. रेंज नाही! तिकडं तेरला जीपा थांबल्या, मामांनी काठी उगारून "खुनी बाई, भाईर ये!" अशी आरोळी ठोकली आणि दार उघडलं समृद्धीनंच, पिठाच्या हातानं. मामा बघून मागच्या मागं बसले. तिच्या सासूबाई, सत्यभामाबाई, मात्र उभ्याच राहिल्या. "मला खुनी म्हनलाव? कुणी सांगितलं?" मामांनी बहिणीचं नाव घेतलं. "चला तिच्या घरी!"

आणि दिवेलागणीला दोन जीपा भरून माणसं बेंबळीत उतरली. मामा, मामांची भावकी, समृद्धी, सासर! भागवत हात जोडून दारात. सिताबाई म्हणाली, "म्या मालिकेतली म्हनलं की!" मामा खाली मान घालून मिशी कुरतडत बसले.

सत्यभामाबाई टीव्हीसमोर मांडी घालून बसल्या. "लावा. बघू दे कोन ती सासू."

मालिका लागली. एकेक करत भांडायला आलेली सगळी माणसं बसली. मध्ये थांबणं नाही, त्यामुळं चहाला कोण उठणार? उठला भागवत! सगळ्या वऱ्हाडाचा चहा करून आणला, तर त्याच्याकडं कुणी बघेना. "सरका तिकडं!" मामा डाफरले.

"तिनं न्हाय टाकलं इख," सत्यभामाबाई डोळे फाडून म्हणाल्या. "सासू असं करतच न्हाय. नणंदेचं काम हाय हे!"

पडद्यावर दुधाच्या पेल्याकडं एक हात गेला, बांगड्या वाजल्या, आणि लाईट गेली!

अंधारात सगळं घर सिताबाईकडं वळलं. "अक्का, सांग की गं, खरंच सासूचाच हात का?" मामा काकुळतीला आले.

सिताबाईनं पदर तोंडाला लावला. "म्या न्हाय बाबा. बोललं की जीपा येत्यात!"