माधोभाऊ आणि कार्तिकातलं ग्रहण

थंडी सुरू झाली की आमचे शेजारी माधोभाऊ रोज सकाळी खोबरेल तेलाची बाटली घेऊन ओट्यावर येत आणि उन्हाकडे धरून ती निरखत. तेल तळाशीच थिजलेलं असलं तर थंडी "मामुली", अर्ध्यापर्यंत असलं तर "बरी". आणि बाटली उलटी करूनही थेंब गळला नाही, तर सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडत, "ढोरं आत बांधा रे!" त्यांच्याकडे स्वतःचं एकही ढोर नव्हतं.

"ह्यायच्या मौसमापाई माह्या डोस्क्याले तेल भेटत नाई," असं त्यांच्या पत्नी सगुणाबाई भिंतीपलीकडून माझ्या बायकोला सांगत.

माधोभाऊंची सारी नोकरी एटापल्लीकडच्या जंगलात, वनखात्याच्या नाक्यावर गेली. तिथे बोलायला माणूस क्वचित, म्हणून आभाळाशी बोलायची सवय लागली असावी. पेन्शन घेऊन ते आमच्या सावली गावात आले आणि आम्हाला हवामान सांगू लागले. ते बहुधा चुकायचं. त्यांच्या सांगण्यावरून लोकांनी धान वाळत घालावं आणि दुपारी सर यावी, असं झालं की लोक दाराशी यायचे. माधोभाऊ शांतपणे म्हणायचे, "मी बरोबरच सांगतलो होतो. मौसमच चुकला."

मी तिथल्या शाळेत मास्तर होतो. त्या वर्षी कार्तिकी पौर्णिमेला खग्रास चंद्रग्रहण होतं, तेही दिवेलागणीला, चंद्र वर येताच. शिवारात हलकं, लवकर पिकणारं धान कापून पडलेलं. प्रत्येकजण आभाळ कोरडं राहावं म्हणून हात जोडत होता. आणि माधोभाऊ बाजारात, पाराजवळ, विहिरीवर एकच सांगत सुटले होते, "पुनवेले ढग येतेत. मोठे ढग. चंद्र काही दिसत नाई."

"तोंड आवरा, माधोभाऊ," एक शेतकरी खवळून म्हणाला. "माहं धान बांधीत पडलं हाय!"

"तुह्या धानाले नाई लागत. नुसते ढग. पानी नाई."

असे ढग कुठे मिळतात, कोणालाच ठाऊक नव्हतं. पण यंदा माधोभाऊंच्या सांगण्यात तोरा नव्हता, अजिजी होती. एका संध्याकाळी मी विचारलं, "भाऊ, काऊन एवढे ढगांच्या मागे लागले?"

त्यांनी आधी घरात नजर टाकली, मग हळूच म्हणाले, "मास्तर, शेवंता आली हाय ना."

शेवंता त्यांची एकुलती एक मुलगी. तिचा वरचा ओठ जन्मापासून मधोमध फाटलेला होता. ती पोटात असताना सगुणाबाईंनी ग्रहणात वांगं चिरलं, म्हणून असं झालं, हे सगळं गाव म्हणे. सगुणाबाईही तेच मानत. शेवंताला ब्रह्मपुरीकडे चांगलं सासर मिळालं, तरी आईच्या मनातली ती विळी काही मिटली नाही. आता शेवंता पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती आणि नेमकं ग्रहण आलं होतं.

"तिची माय म्हंते, ग्रहण सुटेपर्यंत आंधाऱ्या खोलीत सरळ पडून राह्य. कूस बी बदलू नको. पोरगी म्हंते, मी आंगनात बसून पाहीन. चार दिवस झाले, दोघी बोलत नाईत." त्यांनी वर आभाळाकडे पाहिलं. "ढग आले तं चंद्रच दिसनार नाई. मंग भांडन कायचं?"

पौर्णिमेला आभाळ धुऊन ठेवल्यासारखं लख्ख निघालं. झाडांमागून चंद्र वर आला आणि थोड्याच वेळात त्याची एक कड काळवंडू लागली. गल्लीत लोक जमले. मी कुंपणापाशी उभा होतो. पलीकडच्या अंगणात शेवंता पाटावर येऊन बसली. आतून सगुणाबाईंचं रडणं ऐकू येत होतं.

तेवढ्यात माधोभाऊ घोंगडं घेऊन बाहेर आले. ते त्यांनी दोन्ही हातांनी उंच धरलं, चंद्राच्या आणि शेवंताच्या मधे, आणि तसेच उभे राहिले. कोणीतरी हसलं. माधोभाऊंनी तिकडे पाहिलंही नाही.

चंद्र तांबूस झाला. घोंगडं खाली येऊ लागलं की ते पुन्हा वर उचलत.

"बाबा, हात खाली करा," शेवंता म्हणाली.

"राहू दे. तुह्या मायले जरा बरं वाटंल."

शेवंता दाराकडे वळली आणि आत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "माय, माह्यासारखंच लेकरू झालं, तं तू त्याले मांडीवर घेशील नाई काय?"

आतलं रडणं थांबलं.

मग दार वाजलं. सगुणाबाई पदर तोंडाला लावून बाहेर आल्या. त्यांनी वर चंद्राकडे पाहिलं नाही. त्या लेकीजवळ जमिनीवर बसल्या आणि तिचं तोंड दोन्ही हातांत धरून तिच्याकडेच बघत राहिल्या, जणू आजवर नीट पाहिलंच नव्हतं. माधोभाऊंनी घोंगडं खाली घेतलं, दोघींच्या खांद्यांवर टाकलं आणि स्वतः नुसत्या बंडीवर थंडीत बाजूला उभे राहिले.

पौषात शेवंताला मुलगी झाली. गल्लीतल्या बाया पाहायला गेल्या आणि प्रत्येकीची नजर आधी कुठे गेली, हे सांगायला नको. मुलीचे ओठ नीट होते, हे माझ्या बायकोने मला घरी येऊन सांगितलं. पण वाटेत कोणी माधोभाऊंना अडवून विचारलं, "काय भाऊ, नातीचे ओठ कसे हायेत?" तर ते कधीच कोणाला सांगत नसत.

ते म्हणायचे, "मले नाई माहीत बा. मी तं अजून तिचे डोयेच पाहून राह्यलो."